दुसरं कशाला?

घरातल्या दोन कात्र्यांपैकी एक काढून टाकावी, एवढाच माझा मूळ संकल्प होता. त्या संकल्पाची सांगता मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून, उजवा हात आकाशाकडे करून, अर्ध्या शहराचे टेलिफोन त्या हातात धरून उभा राहण्यात झाली. यात दोष माझा किती आणि कात्रीचा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत कात्रीच्या बाजूने आहे.

मी निवृत्त लेखापरीक्षक. लेखापरीक्षकाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात, लागणाऱ्या आणि दुबार. नोकरीत असताना मी कचेऱ्याच्या कचेऱ्या झाडून काढल्या. एका कामाला दोन माणसं दिसली की माझ्या अंगावर काटा यायचा. निवृत्त झाल्यावर हा काटा कुठे न्यायचा? तो घरात आला. दोन कात्र्या, दोन नरसाळी, दोन विजेऱ्या, भिंतीत चार्जर असताना फोनला वरून वीज पाजणारी एक पॉवर बँक, आणि शेजाऱ्यांकडे उगाच ठेवलेली गच्चीची दुसरी किल्ली. मी प्रत्येक वस्तू हिच्यासमोर धरायचो आणि विचारायचो, "दुसरं कशाला?" ही म्हणायची, "बरं." आणि विल्हेवाट लावते म्हणून वस्तू घेऊन जायची. इतक्या वर्षांच्या संसारात हिचं 'बरं' मी संमती समजत आलो आहे. त्याचा खुलासा पुढे येईलच.

घर संपल्यावर मी इमारतीकडे वळलो. प्रत्येक बिऱ्हाडाची फोन कंपनी वेगळी, प्रत्येकाची डोकेदुखी वेगळी. मी बैठकीत उभा राहून सांगितलं की सगळ्यांनी एकाच कंपनीकडे जावं, सवलत मिळेल. आमची सून त्याच कंपनीत नोकरीला, त्यामुळे कंपनी चांगली असल्याची हमी घरचीच. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तेवढा आक्षेप घेतला. या गृहस्थांना सगळी इमारत 'सल्लागार' म्हणते, कारण विचारल्याशिवाय सल्ला देण्याची त्यांची सवय वंशपरंपरागत आहे. त्यांच्या मातोश्री त्यांच्यापेक्षा वरचढ. सल्लागार म्हणाले, "सगळी अंडी एका टोपलीत नकोत." मी म्हणालो, अंडी नव्हेत, टेलिफोन आहेत. लोक हसले आणि ठराव मंजूर झाला. त्या हशाचा मला पुढे कित्येक दिवस अभिमान वाटत होता.

आता सुनेबद्दल. मुलगा कामानिमित्त फिरतीवर असतो; सून घरात बसून काम करते, आणि काम म्हणजे काय, तर बंद पडलेलं पुन्हा चालू करणं. मी एकदा विचारलं होतं की टेलिफोनचं एक्स्चेंज असतं तरी कुठे. माझ्या लहानपणी ती एक इमारत होती, आत खटखट आवाज यायचा. सून म्हणाली की आता तशी इमारत नसते. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक मानलेले असतात, त्यातलाच एक म्हणजे एक्स्चेंज.

"मानलेले म्हणजे खोटे?"

"खोटे नाहीत, बाबा. काम खरंच करतात. फक्त त्यांना स्वतःचं शरीर नसतं. एक शरीर बिघडलं की तेच यंत्र, त्याच नावाने, त्याच आठवणींसकट, दुसऱ्या शरीरात उठतं."

मी म्हणालो, हे आत्म्याबद्दल ऐकलं आहे. ती म्हणाली, आत्म्याची तपासणी अजून कुणी केलेली नाही, आम्हाला मात्र दर आठवड्याला करावी लागते. या उत्तराला मी हात जोडले. 'तपासणी' या शब्दापुढे मी नेहमीच हात जोडतो.

पण तिच्या खोलीत भिंतीवर दोन पेट्या होत्या आणि त्या माझ्या डोळ्यांत सलत होत्या. एका पेटीतून तिच्या कंपनीचं इंटरनेट यायचं, कर्मचारी म्हणून फुकट. तिचे दिवे सतत लुकलुकत, घाम गाळणाऱ्या माणसासारखे. दुसरी पेटी वेगळ्याच कंपनीची, पदरमोड करून घेतलेली, आणि तिच्यावर एकच हिरवा दिवा शांत जळत असे. काही काम नाही, नुसती हजेरी. असा कर्मचारी मी कचेरीत पाहिला असता तर माझा शेरा वाचून त्याला रडू आलं असतं.

"ती कशाला?"

"पहिली बंद पडली तर."

"आजवर पडली का?"

"नाही अजून."

मी नुसताच भुवया उंचावल्या. ती हसली. सुना हसतात तेव्हा विषय संपला असं त्यांना वाटतं. सासऱ्यांना तो सुरू झाला असं वाटतं. ती प्रशिक्षणासाठी परगावी गेली आणि मी त्या रिकाम्या पेटीची जोडणी बंद करण्याचा अर्ज टाकला. जी कंपनी जोडणी द्यायला महिना लावते, तिने तोडायला दुपारही लावली नाही. पेटी परत नेण्यासाठी मात्र निराळा अर्ज लागतो म्हणाले, त्यामुळे ती भिंतीवरच राहिली, हिरव्या दिव्यासकट. सून परत आल्यावर तिला सांगायचंच होतं. पण बिलाचे पैसे वाचल्याचं दाखवून एकदमच चकित करावं म्हणून मी थांबलो.

राहता राहिला माझा स्वतःचा जुना नंबर. सगळे एका कंपनीत गेले, मीही नवा नंबर घेतला, पण जुन्या कंपनीचा जुना नंबर जुन्या फोनमध्ये तसाच होता. तो बंद करायला मी त्यांच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज पाहिला, पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि सांगितलं की सही जुळत नाही. मी म्हणालो, सही माझी आहे. त्या म्हणाल्या, ही तुमची असेल, पण ती यांची नाही. पडद्यावर माझी तरुणपणची सही होती, वेलांट्या वाऱ्यावर सोडलेली, शेवटी एक गिरकी. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या सह्या पारखल्या आणि आता मीच बनावट ठरलो. दुसऱ्यांदा गेलो तर गिरकी उलटी आली. तिसऱ्यांदा बाईंनी मला घरी सराव करायला सांगितलं. हा अपमान मी गिळला आणि नंबर तसाच ठेवला, म्हणजे चीड तशीच ठेवली.

आणि मग ती सकाळ आली.

मी वर्तमानपत्र वाचत होतो. हिने बहिणीला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, तर आवाजच नाही, नुसता मुकेपणा. माझा नवा फोन पाहिला, तोही मुका. इतक्यात सुनेच्या खोलीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ती दारात आली. चेहरा शांत, पण हातातला पेन उलटा धरलेला. म्हणाली, कंपनीचं जाळं या भागात बसलं आहे, फोन, इंटरनेट सगळं. घरची पहिली पेटीही त्याच जाळ्यावर, म्हणून तीही गेली.

"काळजी नाही, दुसरीवरून जोडते."

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला मराठीत शब्द आहे की नाही, मला माहीत नाही. पायाखालची जमीन सरकणे हा फार सौम्य वाक्प्रचार आहे. मी भिंतीवरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. तो निर्लज्जपणे जळत होता. मग मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं. सून माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बरं." हा शब्द ती सासूकडून शिकली असावी.

तेवढ्यात खालून हाक आली. सल्लागार अंगणात उभे होते, एका पायात चप्पल. मातोश्री वरच्या फळीवरचा डबा काढताना स्टुलावरून पडल्या होत्या. कंबर धरून जमिनीवर होत्या आणि उठता येत नव्हतं. रुग्णवाहिकेचा नंबर लागत नव्हता. त्यांचा नाही, वरच्यांचा नाही, समोरच्यांचा नाही. ठरावाप्रमाणे सगळी इमारत एकमताने मुकी होती. मी अभिमानाने जुना फोन काढला, तर सुनेने मान हलवली. रुग्णवाहिकेचे फोन ज्या केंद्रात उचलतात, ते केंद्रच तिच्या कंपनीच्या जाळ्यावर. कुठूनही लावा, तिकडे घंटाच वाजणार नाही. ते केंद्र उठेपर्यंत या भागात कुणाचंही दुखणं कुणालाही कळणार नव्हतं. आणि ते उठवायचं सुनेने. दुसऱ्या गावात तिचा कामावरचा एक जोडीदार बसलेला असतो, पण त्यांच्या कामाचा नियम असा की एकाने करायचं आणि दुसऱ्याने पाहून 'हो' म्हणायचं. एकट्याला काहीही करता येत नाही. धनादेशावर दोन सह्या असतात तसं. हा नियम मी एरवी डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

ही खाली धावली. जाताना सल्लागारांना बजावत गेली, आईंना उचलू नका, नुसती उशी द्या.

सुनेने माझ्या हातातला जुना फोन पाहिला. "हा चालू आहे?"

"सही जुळली नाही म्हणून," मी म्हणालो.

तिने पुढचं काही विचारलं नाही. त्या जुन्या कंपनीचा सिग्नल आमच्या घरात येत नाही; फक्त गच्चीवर, टाकीच्या कोपऱ्यात, फोन डोक्याच्या वर धरला तर येतो. तो कोपरा बरोबर तिच्या खिडकीवर आहे. फोनवरचं इंटरनेट तिथून खाली तिच्या लॅपटॉपला पोहोचू शकत होतं. प्रश्न फक्त तो हात वर धरून उभं कोण राहणार, एवढाच होता, आणि घरात रिकामा माणूस एकच होता.

मी किल्लीने गच्चीचं दार उघडलं, किल्ली खिशात टाकली, कोपऱ्यात गेलो, हात वर केला. वाऱ्याने दार मागे धाडकन बंद झालं. त्या दाराला गच्चीच्या बाजूने किल्लीचं भोक नाही. दुसरी किल्ली सल्लागारांकडून मीच काढून घेतली होती. असो, तेव्हा मला याची फिकीर नव्हती, कारण खालून खिडकीतून आवाज आला, "मिळालं. बाबा, आता हलू नका."

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. खिडकी उघडी होती आणि जोडीदाराचा आवाज लॅपटॉपमधून मोठ्याने येत होता. त्याने सांगितलेली हकिगत ऐकून माझे कान तापले. एक्स्चेंज नेहमी जुळं ठेवतात. एक राबणारं आणि एक तयार बसलेलं. दोघांना मुद्दाम वेगळ्या गावी, वेगळ्या शरीरात ठेवायचं, हा नियम. पण त्या सगळ्या पसाऱ्यात एक आवरणारा प्रोग्रॅमही असतो. कुठलं यंत्र अर्धं रिकामं दिसलं की तो त्यातली बिऱ्हाडं उचलून दुसरीकडे हलवतो आणि रिकाम्या यंत्राचा दिवा मालवतो. विजेची बचत. कुणीतरी त्याचा नियम जरासा सैल केला, आणि त्याने काय केलं, तर बसून असलेलं जुळं उचलून राबणाऱ्या जुळ्याच्याच शरीरात नेऊन ठेवलं. कागदावर दोन, शरीर एकच. मग ते एक शरीर गेलं.

म्हणजे तिथेही कुणीतरी 'दुसरं कशाला' म्हणालं होतं. इतक्या अफाट यंत्रणेच्या पोटात माझा एक सख्खा भाऊ बसला आहे, हे मला त्या क्षणी कळलं, आणि खरं सांगतो, त्याच्या हाताखाली मला मुळीच उभं राहावंसं वाटेना.

"आधी आवरणाऱ्याला झोपव," सून म्हणाली. "नाहीतर आपण उठवू आणि तो पुन्हा एकावर एक रचेल."

"झोपवलं. बघ."

"हो."

मग तिने एकेकाला उठवायला घेतलं. आधी पत्ते सांगणारं यंत्र, कारण ते नसेल तर बाकीच्यांना एकमेकांची घरं सापडत नाहीत. मग ओळख पटवणारं. मग एक्स्चेंज, एक या गावात, दुसरं दूर त्या गावात. कोण कुणाच्या आधी, कोण कुणाच्या खांद्यावर, सगळं तिला तोंडपाठ. मला माझी नोकरीतली माणसं आठवली, ज्यांना शेजारच्या टेबलावर काय चालतं ते माहीत नसे. इथे नसलेली माणसं नसलेल्या टेबलांवर बसली होती आणि ही पोरगी अंधारात चालत त्यांच्या खांद्यावर हात ठेवून एकेकाला जागं करत होती. माझा हात दुखत होता, पण तोंड उघडं पडलं होतं ते त्यामुळे नव्हे.

एक्स्चेंज उठलं आणि लगेच पुन्हा कोसळलं. मी घाबरलो. जोडीदारही घाबरला असावा. सून म्हणाली की साहजिक आहे, इतका वेळ मुके असलेले सगळे फोन एकाच वेळी दारावर आले, उठणाऱ्याला उठूच दिलं नाही. "दार बारीक ठेवू. आधी फक्त रुग्णवाहिकेचं केंद्र. मग एकेक वस्ती."

याच वेळी माझ्या हाताला मुंग्या आल्या आणि मी फोन डाव्या हातात घेतला, एवढंच. खाली जोडीदाराचा आवाज तुटला. मग खिडकीतून एकच शब्द आला, "बाबा." मी हात जिथे होता तिथे नेला. पुढे त्या हाताला काय वाटतं हे मी त्याला विचारलंच नाही.

पण फोनला विचारावं लागलं, कारण तो लाल झाला होता. जुनी बॅटरी, मरणपंथाला लागलेली. मी कठड्यावरून ओरडलो की वीज संपतेय, दार बंद आहे, किल्ली माझ्याच खिशात आहे. या तिन्ही वाक्यांत मिळून माझी सगळी कारकीर्द आली.

थोड्या वेळाने कुलूप खटकन वाजलं. दार उघडून ही वर आली. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात पॉवर बँक. मी आयुष्यात हिच्याकडे असं पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. तिने वायर फोनला लावली, माझ्या कोपराखाली हात दिला आणि तीही तिथेच उभी राहिली.

"विल्हेवाट लावली होती ना?" मी कुजबुजलो.

"लावली. माझ्या कपाटात. तुम्ही काढलेली प्रत्येक दुसरी वस्तू आहे तिथे. हलू नका."

खाली सून म्हणाली, "केंद्र सोडते. बघ." जोडीदार म्हणाला, "हो."

मी रस्त्याकडे पाहत होतो. इतका वेळ रस्ता चमत्कारिक दिसत होता. लोक जागोजागी थबकलेले, हातातल्या मुक्या फोनकडे पाहत, जणू सगळ्यांच्या हातात एकाच वेळी मेलेली पाखरं आली होती. आणि तेवढ्यात तळमजल्यावरून सल्लागारांचा आवाज आला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच फक्त एक शब्द सुचला होता.

"लागला."

कोपराखालचा हिचा हात किंचित घट्ट झाला. मग सून वस्त्या सोडू लागली आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं. पूल ओलांडून पलीकडे कुठेतरी एक फोन वाजला, मग आणखी एक. औषधाच्या दुकानासमोर एका बाईने फोन कानाला लावला आणि तिचे खांदे खाली आले. मग चौकातला पेपरवाला, मग बाकावरचा म्हातारा. वाऱ्याने शेतातलं पीक वाकत यावं तशी ती कुजबूज लांबून आमच्याकडे येत होती, रस्त्यामागून रस्ता, आणि या सगळ्याला कारण माझ्या पायाखालच्या खोलीत बसलेली, पेन उलटा धरणारी मुलगी होती. ज्यांना शरीर नाही अशी यंत्रं तिने उठवली होती, आणि ज्यांना शरीर आहे अशी हजारो माणसं त्यांच्यामुळे बोलू लागली होती. मी आयुष्यभर मोजण्याचं काम केलं, पण हे कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळेना. शेवटी माझा नवा फोन खिशात वाजला. हिच्या बहिणीचा होता. कुणीच उचलला नाही.

रुग्णवाहिका आली. मातोश्रींनी स्ट्रेचर कसं धरावं हे त्या दोघा तरुणांना सांगितलं, जिना नसतानाही जिन्यात कसं वळावं तेही सांगितलं, त्यावरून हाड जागेवर असल्याचा अंदाज सर्वांना आला. तो खरा निघाला.

जेवताना सून मला काही बोलेल म्हणून मी तयारीत होतो. ती म्हणाली की चूक तिचीही आहे. दिवा हिरवा आहे एवढ्यावर तिने विश्वास ठेवला. "बसून असलेल्याला अधूनमधून उठवून बघावं लागतं, बाबा. नाहीतर तो आहे की नाही हे गरजेच्या वेळीच कळतं." मी मान खाली घालून जेवलो. अपमान करणारी माणसं मला परवडतात. अशी नाही परवडत.

दुसऱ्या दिवशी मी पेटीची जोडणी पुन्हा मागितली. महिना लागेल म्हणाले. मग जुन्या नंबरच्या कचेरीत जाऊन बंद करण्याचा अर्ज मागे घ्यायचा आहे असं सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी पडद्यावर पाहिलं आणि अर्ज मागे घ्यायलाही सही जुळावी लागेल म्हणाल्या. जुळली नाही. त्यामुळे तो नंबर आता बंदही करता येत नाही आणि चालूही ठेवता येत नाही, म्हणून तो चालू आहे. निघताना बाईंना मी मनापासून नमस्कार केला. त्या जरा घाबरल्या.

आता सून कधीही, न सांगता, खोलीतून हाक मारते, "बाबा, गच्ची." मी हातातलं असेल ते टाकून जिना चढतो, टाकीला पाठ लावतो, हात वर करतो. तिला समाधान वाटेपर्यंत उभा राहतो. सल्लागार अंगणातून कोपर कसा ठेवावा ते सांगतात, आणि त्यांच्या शेजारी काठी टेकून उभ्या मातोश्री त्यांचं चुकतं कुठे ते सांगतात. पूर्वी या इमारतीत मला रिकामा म्हणत. आता तयार म्हणतात. पगार तोच आहे.

परवा असाच सराव झाल्यावर खाली आलो आणि अंगात जरा ऐट होती म्हणून हिला म्हणालो की बाकी सगळं ठीक, पण मीच कधी आजारी पडलो तर काय? सगळी मदार माझ्या एका हातावर आहे.

ही भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"त्या कोपऱ्यात माझा हात पुरत नव्हता," ती म्हणाली. "म्हणून मी टाकीमागे स्टूल नेऊन ठेवलंय. महिना झाला. त्यावर चढून हात वर केला की सिग्नल बरोबर येतो."